शब्दांचे कूळ विचारावेच

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपण म्हणतो. इंग्रजी स्पेलिंग शिकवतानाही जवळजवळ सगळीकडे हाच शिरस्ता आहे. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मध्ये सुरुवातीला के कशाला, कर्ज या अर्थाच्या 'डेट'मध्ये बी कशाला, 'आयलंड'मध्ये एस कशाला, असे मुलाने विचारले की उत्तर ठरलेले असते: ते तसेच असते, पाठ कर. हे उत्तर मुलाच्या चांगल्या प्रश्नाचा अपमान करते, आणि ते खरेही नाही. वरच्या तिन्ही अक्षरांना तीन वेगवेगळी कारणे आहेत. के एके काळी खरोखर उच्चारला जात होता. बी मूळ लॅटिन शब्दाची आठवण म्हणून पंडितांनी मागाहून घातला. आणि एस निव्वळ गैरसमजातून शिरला. तिघांना एकाच 'सायलेंट लेटर'च्या गाठोड्यात बांधले की मुलाच्या हाती घोकंपट्टीशिवाय काही उरत नाही.

माझे म्हणणे असे की स्पेलिंगच्या तासाला वीस-वीस सुट्या शब्दांच्या याद्या देणे थांबवावे. त्याऐवजी एक अक्षरगट घ्यावा, तो ज्या शब्दांत दिसतो ते शब्द गोळा करावेत आणि त्यांचे जुने अर्थ तपासून कोण कोणाचा भाऊबंद आहे ते मुलांनाच ठरवू द्यावे. यातला तपासण्याचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. आडनाव सारखे असले म्हणून माणसे नात्यातली ठरत नाहीत, तसेच शब्दांचेही.

जी-ओ-एस ही तीन अक्षरे पाहा. 'गॉसिप', 'गॉस्पेल' आणि 'गॉसलिंग' हे शब्द कोशात एकमेकांच्या जवळपास येतात. पहिला कुटाळक्यांचा, दुसरा ख्रिस्ती शुभवर्तमानाचा, तिसरा हंसाच्या पिल्लाचा. तिघांतला 'गॉस' वेगवेगळ्या घरून आलेला आहे. 'गॉसिप'मध्ये 'गॉड' म्हणजे देव आहे आणि त्याला 'सिब' म्हणजे नातलग जोडलेला आहे. हाच 'सिब' आजच्या 'सिब्लिंग'मध्ये दिसतो. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी पत्करणारा धर्मपिता किंवा धर्ममाता, हा त्याचा जुना अर्थ. पुढे तो जिवलग मित्र-मैत्रिणींना लागला, मग बाळंतपणाला जमणाऱ्या बायकांना, मग तिथे चालणाऱ्या गप्पा करणाऱ्याला, आणि शेवटी त्या गप्पांनाच. 'गॉस्पेल'मधला 'गॉस' मात्र 'गुड'चा आहे. जुन्या इंग्रजीत 'गोड' म्हणजे चांगले आणि 'स्पेल' म्हणजे वार्ता, कथन. मंत्र या अर्थाचा 'स्पेल' हा तोच. शुभवार्ता या अर्थाच्या ग्रीक शब्दाचे ते सरळ भाषांतर होते. 'गॉसलिंग'मध्ये 'गूज' आहे. हा 'गूज' आणि आपला 'हंस' मुळात एकाच धातूपासून निघालेले सख्खे. 'गॉसहॉक' या ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्याच्या नावातही तोच आहे, आणि हवेत तरंगणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यांसाठी वापरतात त्या 'गॉसमर'मध्ये बहुधा 'गूज' आणि 'समर' दोघेही आहेत.

देव, चांगले आणि हंस एकाच अक्षरगटात कसे येऊन बसले? याचे उत्तर उच्चाराच्या एका साध्या सवयीत आहे. जुन्या इंग्रजीत दीर्घ स्वरापुढे दोन-तीन व्यंजने लागून आली की तो स्वर ऱ्हस्व होत असे. 'गोड' एकटा असला की ओ लांब. 'गोडस्पेल' झाला की आखूड. 'गोस' म्हणजे हंस एकटा असला की लांब, पुढे शेपूट लागले की आखूड. मग साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले. 'गोस'चा 'गूस' झाला, 'गोड'चा आधी 'गूड' आणि मग 'गुड' झाला. आखूड झालेले स्वर मात्र या उलथापालथीतून सुटले. म्हणून 'गॉसलिंग' जुन्या घरात राहिला आणि 'गूज' नव्या घरात गेला. 'होली' आणि 'हॉलिडे', 'वाइज' आणि 'विजडम', 'फाइव्ह' आणि 'फिफ्टी', 'हाउस' आणि 'हजबंड' या सगळ्या जोड्या याच एका नियमाने उलगडतात. 'हजबंड' म्हणजे घर असलेला, घरधनी. नवरा हा अर्थ नंतरचा. हा एक नियम मुलाला कळला तर किती सुट्या शब्दांचे पाठांतर वाचते याचा हिशोब कोणीही करावा.

आता त्या के-कडे वळू. 'नो' म्हणजे जाणणे, 'नी' म्हणजे गुडघा, 'नाइफ', 'नॉट' म्हणजे गाठ, 'निट' म्हणजे विणणे. या सगळ्यांची सुरुवात के-एनने होते आणि जुन्या इंग्रजीत 'क्न' असा स्पष्ट उच्चार होता. सतराव्या शतकापर्यंत तो लोकांच्या तोंडून गळत गेला, पण कागदावर राहिला. 'नॉट' आणि 'निट' हे दोघे भाऊ आहेत, कारण विणणे म्हणजे मुळात गाठी मारणे. 'नाइट'चा मूळ अर्थ मुलगा, चाकर पोऱ्या. लबाड या अर्थाचा 'नेव्ह' हाही मूळचा मुलगाच. एक चाकरीतून सरदारकीला चढला आणि दुसरा बदमाशीत उतरला.

मराठी वाचकाने 'नो'पाशी जरा थांबावे. हा 'क्नो' आणि आपला 'ज्ञा' हे एकाच धातूचे आहेत. आपण लिहितो ज् आणि ञ यांचे जोडाक्षर, आणि म्हणतो 'द्न्यान'. लिहिलेल्या दोन वर्णांपैकी एकही आपण तसाच उच्चारत नाही. तरी कोणी 'ज्ञान' हे 'द्न्यान' असे लिहायला सांगत नाही, कारण मग 'विज्ञान', 'संज्ञा', 'जिज्ञासा' यांच्याशी असलेले नाते डोळ्यांसमोरून जाईल आणि हिंदी, गुजराती वाचणाऱ्यांशीही फारकत होईल. इंग्रजीतला मुका के अगदी हेच काम करतो. 'नो'चे 'अॅक्नॉलेज' झाले की तो क पुन्हा ऐकू येतो.

एवढ्यावर थांबले तर मात्र दिशाभूल होईल. इंग्रजी स्पेलिंगचे कौतुक करणारे पुष्कळ जण प्रत्येक मुक्या अक्षरामागे काहीतरी खोल परंपरा आहे असे मानतात. ते खरे नाही. काही अक्षरे चक्क तोतया आहेत, आणि मुलांना तेही सांगितले पाहिजे.

'वुड', 'शुड' आणि 'कुड' यांच्या शेवटी ओ-यू-एल-डी आहे. 'वुड' हे 'विल'चे भूतकाळी रूप, 'शुड' हे 'शॅल'चे. दोन्हीकडे एल मूळचा आहे आणि एके काळी उच्चारला जात होता. 'कुड' हे 'कॅन'चे रूप. 'कॅन'मध्ये एल कुठे आहे? कुठेच नाही. जुने रूप 'कूदे' असे होते. पंधराव्या-सोळाव्या शतकात शेजारच्या दोघांकडे पाहून लिहिणाऱ्यांनी त्यात एल घातला. 'कॅन'चा जुना अर्थ जाणणे, ठाऊक असणे. म्हणजे तोही त्या 'ज्ञा'च्याच घरातला. त्याच्या जुन्या रूपापासून 'अनकूथ' आला आहे. आज त्याचा अर्थ अडाणी, रांगडा, पण मूळ अर्थ 'न जाणलेला', अनोळखी. धूर्त या अर्थाचा 'कनिंग' हाही मुळात फक्त जाणता होता.

ई-आय-जी-एनचे प्रकरण तसेच. 'रेन' म्हणजे राज्य करणे. त्यात जी मूळचा आहे, लॅटिन 'रेग्नुम'मधून आलेला. 'फॉरिन' आणि 'सॉव्हरिन' हे त्याच्या शेजारी बसवले गेले, त्यांचे 'रेग्नुम'शी काही नाते नाही. 'फॉरिन' हा बाहेरचा या अर्थाच्या लॅटिन शब्दातून फ्रेंचमार्गे आला, 'सॉव्हरिन' हा वरचा या अर्थाच्या 'सुपर'मधून. दोघांनाही जी नंतर चिकटला. 'नाइट' म्हणजे रात्र, 'लाइट', 'राइट' यांतला जी-एच घशातून घासत येणाऱ्या खच्या उच्चाराचा आहे, जर्मन 'नाख्त'मध्ये तो आजही ऐकू येतो. 'डिलाइट'मधला जी-एच मात्र उसना आहे. तो शब्द फ्रेंचमधून 'डेलीत' असा आला, 'डिलिशस'चा तो नातलग आहे आणि प्रकाशाशी त्याचे काही देणेघेणे नाही.

एम-बीच्या गटात तर खरे आणि तोतया शेजारी शेजारी बसले आहेत. 'लॅम' म्हणजे कोकरू, 'कोम' म्हणजे कंगवा, 'क्लाइम' म्हणजे चढणे आणि 'डम' म्हणजे मुका, यांतला बी अस्सल आहे. 'थम' म्हणजे अंगठा, 'लिम' म्हणजे अवयव, 'क्रम' म्हणजे चुरा आणि 'नम' म्हणजे बधिर, यांत बी मुळात नव्हता. अस्सल गटातला ब उच्चारातून गेला, फक्त कागदावर उरला, आणि मग लोकांना वाटले की 'म'ने संपणाऱ्या शब्दाला असा बी लागतोच. 'थम'पासून झालेल्या 'थिंबल'मध्ये मात्र ब खरोखर उच्चारला जातो, कारण म आणि ल यांच्यामध्ये ओठ उघडताना तो आपोआप फुटतो. 'ताम्र'चे 'तांबे' होताना म आणि र यांच्यामध्ये हेच घडले. 'नम' हा घेणे या अर्थाच्या जुन्या क्रियापदाचे रूप: ज्याची संवेदना 'घेतली गेली' आहे तो. चपळ या अर्थाचा 'निंबल' त्याच क्रियापदाचा: झटकन घेणारा. बधिर आणि चपळ एकाच पोटचे.

'आयलंड'चा एसही तोतयाच. मूळ शब्द 'ईयलँड' असा होता. फ्रेंचमधून आलेल्या, बेट याच अर्थाच्या 'आइल'शी त्याचे नाते आहे असे समजून त्यात सोळाव्या शतकात एस घातला गेला. 'डेट'मध्ये बी घालणाऱ्यांना निदान लॅटिन 'देबितुम'चा आधार होता. पण त्या पंडितांनीही कामात सातत्य ठेवले नाही. 'रिसीट', 'डिसीट', 'कन्सीट' हे तिन्ही घेणे या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूचे. त्यांच्या भावंडांत, 'रिसेप्शन', 'डिसेप्शन', 'कन्सेप्शन'मध्ये, प आहे. म्हणून 'रिसीट'ला पी दिला, आणि बाकी दोघांचा पी टिकला नाही. मूल जेव्हा 'डिसीट'मध्ये पी घालते तेव्हा त्याचा तर्क त्या पंडितांपेक्षा सुसंगत असतो. गुण कापताना हे लक्षात घ्यावे.

म्हणून तपासणीची पद्धत नीट ठरवलेली हवी. ती सांगतो. चाळीस मिनिटांच्या एका तासाला एकच अक्षरगट घ्यावा, शब्द दहा ते बारा, त्याहून जास्त नकोत. सुरुवातीला टी-डब्ल्यू उत्तम, कारण 'टू'मधला मुका डब्ल्यू सगळ्यांनाच छळतो. फळ्यावर लिहावे: 'टू', 'ट्वाइस', 'ट्वेल्व्ह', 'ट्वेंटी', 'ट्विन', 'बिट्वीन', 'ट्वाइन', 'ट्विग', 'ट्विटर', 'ट्वीझर्स'. मग प्रत्येक शब्दात दोनचा अर्थ सापडतो का ते मुलांना विचारावे. 'ट्वेल्व्ह' म्हणजे दहा काढून उरलेले दोन, 'ट्वाइन' म्हणजे दोन पेडांची सुतळी, 'ट्विग' म्हणजे जिथे फांदीची दोन टोके होतात ती डहाळी. 'ट्विटर' निघाला, तो पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल आहे. 'ट्वीझर्स'वर हमखास भांडण होते, कारण चिमट्याला दोन पाती असतात. तो शब्द फ्रेंच 'एत्वी'मधून आला आहे. 'एत्वी' म्हणजे बारीक हत्यारे ठेवायची पेटी. पेटीचे नाव आतल्या हत्याराला लागले. अर्थ जुळतो, अक्षरे जुळतात, तरीही नाते नाही. हा एक शब्द यादीत मुद्दाम ठेवावाच, कारण अर्थ आणि अक्षरे या दोन कसोट्या पुरत नाहीत, तिसरी जुन्या रूपाची लागते, हे त्याच्याइतके चांगले दुसरा कोणी शिकवत नाही.

इथे कोश उघडावा लागतो, आणि इथेच बहुतेक चुका होतात. विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांत पहिला अर्थ सर्वांत वापरातला असतो, सर्वांत जुना नव्हे. १८८४ ते १९२८ या काळात खंडाखंडाने प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावलेले आहेत. व्युत्पत्तीच्या कंसात 'सी-एफ' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ 'तुलना करा', 'यापासून आला' असा नाही, आणि शिक्षकही इथे फसतात. शब्दाआधी तारका असेल तर ते रूप कुठल्याही लेखात सापडलेले नाही, अभ्यासकांनी अनुमानाने बांधलेले आहे. दिलेले साल हे शब्दाच्या जन्माचे नसते, तो लिहिलेला पहिल्यांदा सापडला त्याचे असते. आणि शब्द फोडताना नेहमी जोड जिथे आहे तिथेच फोडावा. 'आउटरेज' हा 'आउट' आणि 'रेज' असा फोडला की रागाचा अर्थ छान बसतो, पण तो फ्रेंच 'उत्र' म्हणजे पलीकडे आणि 'एज' हा प्रत्यय यांचा जोड आहे, जसा हृदयवाचक शब्दाला 'एज' लागून 'करेज' झाला. मर्यादा ओलांडणे हा त्याचा जुना अर्थ. 'मॅन्युअल', 'मॅनिक्युअर', 'मॅन्युस्क्रिप्ट' यांत 'मॅन' म्हणजे पुरुष नाही, लॅटिन 'मानुस' म्हणजे हात आहे. 'पेन' हा पिसाच्या लॅटिन नावावरून आला, आणि पिसाच्या लेखण्या तासायची ती 'पेननाइफ'. 'पेन्सिल' मात्र त्याचा कोणी नाही. ती लॅटिन 'पेनिकिल्लुस'वरून, म्हणजे छोट्या शेपटीवरून, आली, कारण इंग्रजीत 'पेन्सिल' आधी चित्रकाराचा बारीक कुंचला होती. सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यासारख्या दिसणाऱ्या बुरशीला 'पेनिसिलियम' म्हणतात, आणि तिच्यापासून मिळालेल्या औषधाला अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२९ मध्ये 'पेनिसिलिन' म्हटले. म्हणजे पेन्सिलची बहीण औषधाच्या कपाटात आहे आणि शेजारी ठेवलेले पेन परके आहे.

या अभ्यासाचा एक दुरुपयोग होतो, त्याला ठाम विरोध केला पाहिजे. जुना अर्थ सापडला की तोच 'खरा' अर्थ असे काही जण ठरवून टाकतात. 'नाइस' हा लॅटिनमधल्या 'न जाणणारा' या शब्दाचा वंशज. इंग्रजीत तो आधी मूर्ख, मग फाजील चिकित्सक, मग नेमका आणि शेवटी छान असा फिरत आला. 'सिली' उलट वाटेने गेला: धन्य, मग निष्पाप, मग बिचारा, दुबळा आणि शेवटी बावळट. आज कोणाला 'नाइस' म्हटले तर ती स्तुतीच आहे. जुना अर्थ स्पेलिंगचे आणि नात्याचे स्पष्टीकरण देतो, आजच्या वापरावर त्याचा हुकूम चालत नाही. आणि रचलेल्या गोष्टींपासूनही सावध राहावे. 'न्यूज' हा चार दिशांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून झाला ही गोष्ट वर्गावर्गांत सांगितली जाते. तो साधा 'न्यू'चा, नव्याचा, अनेकवचनी प्रयोग आहे.

मग सरळ स्पेलिंगच बदलून का टाकत नाही, असा प्रश्न येतो. तो जुना आहे. नोआ वेब्स्टर यांच्या १८२८ च्या कोशामुळे अमेरिकेत 'कलर'मधला यू गेला, पण त्यांनी सुचवलेले 'टंग' आणि 'विमेन' यांचे उच्चारानुसारी स्पेलिंग कोणी घेतले नाही. १९०६ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला ३०० शब्दांची सुटसुटीत स्पेलिंग वापरण्याचा आदेश दिला आणि काँग्रेसच्या विरोधापुढे त्याच वर्षी मागे घेतला. इतक्या देशांत इतक्या तऱ्हांनी बोलल्या जाणाऱ्या भाषेत कोणाचा उच्चार प्रमाण धरायचा, याला उत्तर नाही. शिवाय उच्चाराप्रमाणे लिहिले तर 'साइन' आणि 'सिग्नेचर' यांतला समान एस-आय-जी-एन तुटतो, बरे होणे या अर्थाचा 'हील' आणि 'हेल्थ' वेगळे होतात. 'आयलंड'चा एस किंवा 'कुड'चा एल उद्या काढला तर मला दुःख होणार नाही. पण तेवढ्यासाठी सगळे घर पाडू नये.

खरा आक्षेप वेगळा आहे: लहान मुलांना हे झेपेल का? पहिली दोन वर्षे अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालणेच हवे, त्याला पर्याय नाही, आणि ते काम अर्धवट सोडून व्युत्पत्तीत शिरणारा वर्ग दोन्हीकडून बुडतो. साधारण आठव्या वर्षी, वाचन सुरळीत झाल्यावर, टी-डब्ल्यूपासून सुरुवात करता येते. के-एन आणि जी-एच त्यानंतर. जी-ओ-एस बारा-तेराव्या वर्षी. शिक्षकाला लॅटिन-ग्रीक येण्याची गरज नाही. एक चांगला कोश आणि आदल्या दिवशीचा अर्धा तास एवढे पुरते. वहीत तीन रकाने आखावेत: नात्यातले, शेजारी आणि तोतया.

ज्यांचे मूळ ठाऊक नाही अशा शब्दांसाठी चौथा रकानाही आखावा, आणि त्यातल्या शब्दांपुढे उत्तराची जागा रिकामी राहू द्यायची तयारी ठेवावी. इंग्रजीत कुत्र्याचा जुना सर्वसाधारण शब्द 'हाउंड' होता. जर्मनमध्ये आजही 'हुंड' म्हणतात. 'डॉग' हा जुन्या इंग्रजीच्या अखेरीस 'डॉग्गा' या रूपात जेमतेम दिसतो, मग बघता बघता सगळ्या कुत्र्यांचे नाव होतो आणि 'हाउंड'ला शिकारी कुत्र्यांपुरते ढकलतो. शेजारच्या कुठल्याही जुन्या भाषेत त्याचा भाऊ सापडलेला नाही. 'फ्रॉग' आणि 'हॉग' यांच्याशी त्याचे ओ-जी जुळते म्हणून मुले त्यांना एका ओळीत बसवतील. तेव्हा कोश उघडून 'मूळ अज्ञात' हे दोन शब्द दाखवावेत, चौथ्या रकान्यात 'डॉग' लिहावा आणि पुढच्या शब्दाकडे वळावे.